एकाच साइटवर डार्क मोड बिघडतो तेव्हा: लक्षणं, तपासण्या आणि कुठे थांबायचं

डार्क मोडच्या तक्रारी माझ्याकडे दोन प्रकारच्या येतात. एक, “सगळं नीट आहे, फक्त या एका साइटवर अक्षरंच दिसत नाहीत.” दुसरी बरोबर उलटी, “सगळं गडद आहे आणि ही एकच साइट पांढरीफटक उघडते.” ऑफिसातले सहकारी असोत, नातेवाईक असोत की सोसायटीतले ज्येष्ठ, बहुतेकांनी एक उपाय आधीच करून पाहिलेला असतो: डार्क मोड सगळीकडे बंद. मग रात्री वाचताना उजेड टोचतो म्हणून तो परत चालू होतो, आणि त्या साइटवर तोच त्रास पुन्हा सुरू. एका साइटची तक्रार सगळ्या ब्राउझरवर उपाय करून मिटत नाही. ती त्या साइटपुरतीच सोडवावी लागते.

त्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्या. पानाचा रंग चार ठिकाणी ठरतो: संगणकाच्या किंवा फोनच्या सेटिंगमध्ये, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, बाहेरून बसवलेल्या एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) आणि खुद्द साइटमध्ये. आजच्या साइट्स ब्राउझरला विचारतात, “वाचणाऱ्याला गडद हवं की उजळ?” या प्रश्नाचं तांत्रिक नाव प्रेफर्स-कलर-स्कीम. तो विचारायची सोय सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिन्हींत २०१९ साली आली. त्याआधी बांधलेल्या आणि नंतर हात न लावलेल्या साइट्स हा प्रश्न विचारतच नाहीत. अशा साइट्स सक्तीने गडद कराव्या लागतात, आणि बिघाड बहुतेक वेळा या सक्तीतूनच होतो.

लक्षणं

तुमचं लक्षण यांपैकी कोणतं ते आधी ठरवा. पुढची अर्धी तपासणी वाचते.

- फॉर्ममध्ये टाइप केलेलं दिसत नाही, पण कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडलं की अक्षरं उमटतात. म्हणजे मजकूर जागेवर आहे, फक्त अक्षरं आणि पार्श्वभूमी एकाच रंगाची झाली आहेत.
- कॅप्चा (तुम्ही माणूसच आहात हे तपासायला ओळखायला लावलेली अक्षरं), लोगो किंवा सहीचं चित्र काळ्यात बुडालं आहे.
- पैसे भरायच्या पानावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन होत नाही.
- मुळात गडद असलेली साइट उलटी पांढरी झाली आहे, फोटो निगेटिव्हसारखे दिसतात.
- साइट गडद केली तरी दुसऱ्या दिवशी परत उजळ उघडते.
- फोन संध्याकाळी किंवा बॅटरी उतरली की आपोआप गडद होतो आणि मग ती साइट बिघडते.
- पान उघडताना क्षणभर पांढरा झोत येतो आणि मग ते गडद होतं.

शेवटच्या लक्षणाबद्दल इथेच सांगतो. काही साइट्स आपला गडद रंग पान उघडल्यावर स्क्रिप्टने, म्हणजे पानातल्या छोट्या प्रोग्रामने, चढवतात, काही वेळा एक्स्टेन्शनला पोहोचायला उशीर होतो. हा बिघाड नाही आणि वाचणाऱ्याच्या हातात त्यावर फारसं काही नाही. त्यापायी वेळ घालवू नका.

पहिली तपासणी: खासगी विंडो

हिला खर्च शून्य आणि वेळ अर्धा मिनिट, पण माझ्या मते सगळ्यात मोलाची हीच. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एन. फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट, पी. खासगी विंडो उघडली की त्रास देणारं तेच पान तिथे उघडा.

खासगी विंडोत तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. साइटने तुमच्याबद्दल साठवलेल्या कुकीजही, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीही, तिथे नसतात. उलट, संगणकाचं सेटिंग, ब्राउझरचं सेटिंग आणि फ्लॅग्ज (ब्राउझरमधल्या प्रयोगाच्या सोयी) तिथेही लागू राहतात. म्हणून खासगी विंडोत पान नीट दिसलं तर दोष एक्स्टेन्शनमध्ये किंवा साइटवर पूर्वी केलेल्या निवडीत आहे. तिथेही तसंच बिघडलेलं दिसलं तर दोष संगणकाच्या किंवा ब्राउझरच्या सेटिंगमध्ये, नाहीतर साइटमध्येच. एवढं कळलं की निम्म्या जागा बाद होतात. ही पायरी गाळून थेट एक्स्टेन्शन काढून टाकणारे बरेच भेटतात, आणि त्याबरोबर त्यांनी महिनोन्महिने जमवलेली साइट्सची यादीही जाते.

साइटवर लॉगिन लागत असेल तर लॉगिनचं पान तरी तपासा. बहुतेक वेळा बिघाड तिथेही दिसतो.

दुसरी: साइटचं स्वतःचं बटण

साइटला स्वतःचा डार्क मोड असेल तर तोच वापरा. साइट बनवणाऱ्याने रंग डोळ्यांनी पाहून ठरवलेले असतात, एक्स्टेन्शन ते अंदाजाने काढतं.

यूट्यूबवर प्रोफाइलच्या मेन्यूत ‘अपिअरन्स’ असतं: उपकरणाप्रमाणे, गडद, उजळ. ही निवड त्या ब्राउझरपुरतीच लागू होते. म्हणून घरच्या लॅपटॉपवर गडद केलेलं यूट्यूब ऑफिसच्या संगणकावर पांढरं दिसलं तर बिघाड समजू नका. विकिपीडियाने २०२४ मध्ये डार्क मोड आणला. संगणकावर लेखाच्या बाजूला ‘अपिअरन्स’चा चौकोन दिसतो, त्यात ‘ऑटोमॅटिक’ निवडलं तरच तो तुमच्या संगणकाचं ऐकतो. लॉगिन न करता वाचणाऱ्यांसाठी मूळ निवड उजळ रंगाची आहे. “माझं सगळं गडद आहे, विकिपीडिया तेवढा ऐकत नाही” याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

साइटवर ‘गडद’ आणि ‘उपकरणाप्रमाणे’ असे दोन्ही पर्याय असतील तर मी ‘उपकरणाप्रमाणे’ निवडायला सांगतो. ‘गडद’ वर पक्की केलेली साइट तुम्ही विसरता, आणि दिवसा उन्हात बसून पाहताना अक्षरं लागत नाहीत तेव्हा दोष ब्राउझरला देता.

तिसरी: निवड टिकत नसेल तर कुकीज

साइटवर केलेली निवड बहुधा तुमच्याच ब्राउझरमध्ये साठते. ब्राउझर बंद करताना ती पुसली जात असेल तर साइट रोज नव्याने उजळ उघडणार. क्रोममध्ये प्रायव्हसीच्या सेटिंग्जमधल्या साइट डेटाच्या भागात आणि फायरफॉक्समध्ये कुकीजच्या भागात ‘बंद करताना डेटा पुसा’ असा पर्याय असतो. तो मुद्दाम चालू ठेवला असेल तर राहू द्या, फक्त त्या साइटला अपवादांत टाका. सफाई करणारं एखादं सॉफ्टवेअर बसवलेलं असेल तर तेही हेच करतं.

सफारी वापरणाऱ्यांसाठी वेगळं कारण आहे. २०२० पासून सफारी, साइटच्या स्क्रिप्टने साठवलेली माहिती ७ दिवस त्या साइटकडे फिरकलं नाही तर पुसते. पाळत ठेवणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केलेली ही सोय आहे आणि ती चांगली आहे. पण महिन्यातून एकदा उघडायच्या साइटचा डार्क मोड तिच्यात टिकत नाही. तिथे साइटचं ‘उपकरणाप्रमाणे’ हेच खरं.

चौथी: उपकरण

विंडोजमध्ये पर्सनलायझेशनमधल्या कलर्समध्ये जा. तिथे ‘कस्टम’ निवडलेलं असेल तर विंडोजचा रंग आणि अ‍ॅप्सचा रंग वेगवेगळा असू शकतो. टास्कबार काळा दिसतो म्हणून सगळं गडद आहे असं वाटतं, पण ब्राउझर अ‍ॅप्सचा रंग विचारतो आणि तो उजळ ठेवलेला असतो. मॅकवर आणि आयफोनवर ‘ऑटो’ असेल तर दिवस मावळल्यावर रंग बदलतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बॅटरी सेव्हर चालू झाला की डार्क थीमही चालू होते. “संध्याकाळी आपोआप बिघडतं” याचं कारण मला बहुतेक वेळा इथेच सापडतं.

फोटोसुद्धा निगेटिव्हसारखे दिसत असतील तर तो बहुधा डार्क मोड नाही, रंग उलटण्याची सोय चालू झाली आहे. ती ब्राउझरच्या बाहेरही दिसते. डेस्कटॉपवरचे किंवा गॅलरीतले फोटो उलटे दिसतात का, तेवढं बघा. फोटो ठीक, पण बाकीचे रंग विचित्र झाले असतील तर ते विंडोजचं हाय कॉन्ट्रास्ट असू शकतं. डाव्या बाजूचे ऑल्ट आणि शिफ्ट दाबून प्रिंट स्क्रीन दाबलं की ते चालू होतं, आणि लहान मुलं कीबोर्डवर खेळली की हे हमखास होतं. तीच बटणं पुन्हा दाबली की बंद. फोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटीत ‘कलर इन्व्हर्जन’ किंवा ‘क्लासिक इन्व्हर्ट’ शोधा. मात्र घरातल्या कुणाला नजरेच्या अडचणीमुळे ती सोय लागत असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

पाचवी: ब्राउझरचं सेटिंग

फायरफॉक्समध्ये दोन वेगळ्या गोष्टी लोक एकच समजतात. एक्स्टेन्शन्स आणि थीम्समधली थीम ब्राउझरच्या पट्ट्यांचा रंग बदलते. साइट्सना काय सांगायचं ते सेटिंग्जमधल्या ‘जनरल’खालच्या ‘वेबसाइट अपिअरन्स’वर ठरतं: ऑटोमॅटिक, लाइट, डार्क. पट्ट्या काळ्या आणि साइट्स पांढऱ्या असतील तर इथे बघा. क्रोम आणि एजमध्ये सेटिंग्जमधल्या ‘अपिअरन्स’मध्ये तिन्ही पर्याय एकाच ठिकाणी आहेत.

फायरफॉक्समध्ये सगळं बरोबर असूनही प्रत्येक साइट उजळच येत असेल तर आणखी एक कारण असू शकतं. ओळख लपवण्यासाठी ‘रेझिस्ट फिंगरप्रिंटिंग’ नावाचं छुपं सेटिंग असतं. ते चालू असलं की ब्राउझर प्रत्येक साइटला “उजळ हवं” असंच सांगतो, कारण तुमची खरी आवड कळली तर तुम्हाला ओळखणं तेवढं सोपं होतं. हे सेटिंग आपोआप चालू होत नाही. कुणीतरी गोपनीयतेच्या सल्ल्यावरून ते चालू केलेलं असतं. त्याची गरज असेल तर ठेवा आणि डार्क मोडसाठी साइटचं स्वतःचं बटण वापरा.

सहावी: एक्स्टेन्शन

प्रत्येक साइटवर वेगळं नियंत्रण हवं असेल तर खरी सोय इथेच आहे. मी डार्क रीडर वापरतो. ते मुक्त स्रोत आहे आणि प्रत्येक साइटचं सेटिंग वेगळं ठेवू देतं. त्रास देणाऱ्या पानावर असतानाच ऑल्ट, शिफ्ट, ए दाबा. ती एकच साइट यादीत जाते आणि मूळ रंगात येते. ऑल्ट, शिफ्ट, डी हे सगळीकडचं बटण आहे, आणि लोक चुकून तेच दाबतात.

‘त्याच पानावर असताना’ असं म्हणायला कारण आहे. बँकेची मुख्य साइट एका पत्त्यावर असते, लॉगिन दुसऱ्या आणि पैसे भरायचं पान तिसऱ्याच. मुख्य पान यादीत टाकून लॉगिनचं पान सुधारेलच असं नाही.

यादी कशी चालते तेही ठरवता येतं. एक पद्धत अशी की सगळ्या साइट्स गडद, यादीतल्या सोडून. दुसरी उलटी: सगळ्या जशाच्या तशा, फक्त यादीतल्या गडद. ज्यांना सरकारी फॉर्म, बँक आणि परीक्षांचे अर्ज सतत भरावे लागतात, त्यांना मी दुसरी पद्धत लावून देतो. यादीत वर्तमानपत्रं, ब्लॉग आणि लांबलचक वाचनाच्या मोजक्या साइट्स टाकायच्या, फॉर्मांना हात लावायचा नाही. असं केलेल्यांची तक्रार परत येत नाही.

हा आग्रह का, ते सांगतो. कॅप्चाचं चित्र अनेकदा पारदर्शक असतं: काळी अक्षरं, मागे काहीच नाही. पान पांढरं असतं तोवर वाचता येतं. पान काळं झालं की काळ्यावर काळं. सहीच्या चित्राचंही तेच. फॉर्मच्या चौकटींत वेगळी गोष्ट होते. साइट बनवणाऱ्याने चौकटीची पार्श्वभूमी पांढरी ठरवलेली असते, अक्षरांचा रंग मात्र ब्राउझरवर सोडलेला असतो. पान गडद होताना अक्षरं पांढरी होतात, आणि पांढऱ्यावर पांढरं उमटतं. क्यूआर कोडभोवती चारही बाजूंनी चार चौकोनांएवढी मोकळी उजळ पट्टी लागते, हे त्या कोडच्या मानकातच आहे. गडद पानात ती पट्टी गिळली जाते किंवा काळं-पांढरं उलटतं, आणि बरीच स्कॅनर अ‍ॅप्स असा कोड वाचत नाहीत. यूपीआयने पैसे भरताना “क्यूआर खराब आहे” असं वाटलं तर आधी ते पान उजळ करून बघा.

डार्क रीडर बसवलं आहे, पण एखाद्या पानावर काहीच परिणाम होत नाही? क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या तपशिलात ‘साइट अ‍ॅक्सेस’ बघा. ते ‘ऑन क्लिक’ असेल तर प्रत्येक वेळी दाबावं लागतं. स्वतःच्या संगणकावरच्या फाइल उघडायच्या असतील तर तिथेच वेगळी परवानगी आहे. क्रोमचं वेब स्टोअर, सेटिंग्जची पानं आणि फायरफॉक्सचं अ‍ॅड-ऑन्सचं पान यांवर कोणतंही एक्स्टेन्शन चालू दिलं जात नाही. तिथे प्रयत्न करू नका.

मुळातली गडद साइट पांढरी होत असेल तर एक्स्टेन्शनमधली पद्धत ‘फिल्टर’ची आहे का ते पाहा. ती सगळेच रंग सरसकट उलटते. ‘डायनॅमिक’ निवडा आणि ‘डिटेक्ट डार्क थीम’ चालू ठेवा, म्हणजे आधीच गडद असलेल्या साइटला ते हात लावत नाही. डार्क मोडची दोन एक्स्टेन्शन्स एकाच वेळी कधीच नकोत.

एक्स्टेन्शन अचानक नाहीसं किंवा बंद झालं असेल तर ते जुन्या पद्धतीचं असावं. क्रोमने २०२४ च्या मध्यापासून तशी एक्स्टेन्शन्स टप्प्याटप्प्याने बंद केली. दुसरं घेताना बनवणाऱ्याचं नाव नीट पाहा. डार्क मोडच्या एक्स्टेन्शनला प्रत्येक पान वाचायची आणि बदलायची परवानगी लागते, आणि नावाची नक्कल करणाऱ्याला नेमकी तीच हवी असते.

देवनागरी वाचणाऱ्यांसाठी एक सल्ला. अगदी काळ्यावर अगदी पांढरी अक्षरं ठेवली की मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरांच्या बारीक रेषा पसरल्यासारख्या दिसतात. दृष्टिवैषम्य असणाऱ्यांना तर जास्तच. पार्श्वभूमी गडद करडी ठेवा, कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा आणि तो बदल ‘ओन्ली फॉर’च्या बटणाने त्या मराठी साइटपुरता जपून ठेवा.

सातवी: फ्लॅग्ज

क्रोमच्या प्रयोगांच्या पानावर, म्हणजे अ‍ॅड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेषा आणि फ्लॅग्ज असं इंग्रजीत टाइप केल्यावर उघडणाऱ्या पानावर, ‘ऑटो डार्क मोड फॉर वेब कन्टेन्ट्स’ असतं. कुठल्या तरी व्हिडिओत पाहून लोक ते चालू करतात आणि विसरतात. खासगी विंडोतही पान बिघडलेलं दिसत होतं आणि उपकरणात काही सापडलं नाही, तर इथे या. ‘डिफॉल्ट’ करून ब्राउझर पुन्हा सुरू करा.

संगणकावर या फ्लॅगला साइटनिहाय अपवादांची यादी नाही. म्हणून कायमचा उपाय म्हणून मी तो कुणालाही लावून देत नाही. काही साइट्स आपल्या रंगांना ‘फक्त उजळ’ असं बजावून ठेवतात आणि या फ्लॅगला दाद देत नाहीत. त्या साइट्सवर तो चालत नाही हे बरोबरच आहे. फोनवरच्या क्रोममध्ये डार्क रीडरसारखी एक्स्टेन्शन्स बसत नाहीत. अँड्रॉइडवर साइटनिहाय नियंत्रण हवं असेल तर फायरफॉक्स घ्या, त्यात डार्क रीडर चालतं.

आणि फक्त लेख वाचायचे असतील तर या सगळ्याची गरजच नाही. सफारीचा रीडर, म्हणजे बाकी सगळं बाजूला सारून फक्त लेख दाखवणारी सोय, त्या साइटसाठी कायम चालू ठेवता येतो. फायरफॉक्सच्या रीडरमध्ये आणि एजमध्ये एफ ९ दाबून उघडणाऱ्या वाचनाच्या पानावर गडद रंग निवडता येतो.

आठवी: नवं प्रोफाइल

इथवर येऊनही सुटलं नाही तर ब्राउझरमध्ये नवं प्रोफाइल, म्हणजे स्वतंत्र कोरी मांडणी, तयार करा आणि काहीही न बसवता तेच पान उघडा. जुनं प्रोफाइल पुसू नका, त्यात पासवर्ड आणि बुकमार्क असतात. नव्यात नीट दिसलं तर जुन्यातली एक्स्टेन्शन्स सगळी बंद करून एकेक चालू करत जा. वेळखाऊ काम आहे, पण दोषी सापडतो.

इथे थांबा

ब्राउझरच्या मेन्यूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसत असेल आणि संगणक ऑफिसचा किंवा कॉलेजचा असेल, तर फ्लॅग्ज आणि एक्स्टेन्शन्स तिथल्या आयटी विभागाने बांधून ठेवलेली असू शकतात. पळवाट शोधू नका, त्यांनाच सांगा. हीच ओळ घरच्या संगणकावर दिसली, किंवा काढून टाकलेलं एक्स्टेन्शन स्वतःहून परत आलं, तर तो रंगांचा प्रश्न राहिलेला नाही. त्या संगणकावरून बँकेचं काम बंद करा, जाणकार तंत्रज्ञाकडे तो द्या आणि महत्त्वाचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

विंडोज सुरू होण्याआधीच्या पडद्यावरही रंग चुकीचे दिसत असतील तर दोष स्क्रीनचा, केबलचा किंवा ग्राफिक्सचा आहे. ब्राउझरमध्ये त्याचं उत्तर मिळणार नाही, दुरुस्तीवाल्याला बोलवा.

डार्क मोड नीट चालत असूनही अक्षरं दुहेरी दिसतात, डोकं दुखतं किंवा दिव्यांभोवती वलयं दिसतात, असं असेल तर रंग बदलत बसू नका. नेत्रतज्ज्ञांकडे जा.

अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असेल तर यातलं काहीही करत बसू नका. खासगी विंडो उघडा, उपकरण उजळ करा, अर्ज भरा, पावती उतरवून घ्या.

सगळं उजळ केल्यावरही चौकटीत अक्षरं दिसत नसतील तर दोष साइटचा आहे आणि तो त्यांनीच दुरुस्त करायचा आहे. त्यांना कळवताना पानाचा पत्ता, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती, उपकरण गडद होतं की उजळ, आणि स्क्रीनशॉट एवढं द्या. स्क्रीनशॉटमध्ये आधार क्रमांक, खाते क्रमांक किंवा ओटीपी आला असेल तर तो आधी झाकून घ्या.